परिपाठ, पाटीपूजन आणि हात न जोडणारी मुलगी

खडूडस्टर

बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी कोल्हापुरात महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, पंधरावं वर्ष चालू आहे. यंदा चौथी माझ्याकडं. पट एकतीस. मराठा, लिंगायत, मुस्लिम, बौद्ध, दोन जैन, एक ख्रिश्चन पोरगा, सगळी सरमिसळ, आणि खरं सांगायचं तर मधल्या सुट्टीत कुणाचा डबा कोण खातंय ते मला पण कळत नाही, इतकी एकत्र असतात.

शाळा भरली की परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, मग प्रार्थना, सुविचार, पंचांग, दिनविशेष, बोधकथा. आमच्याकडं प्रार्थना म्हणजे सरस्वतीची संस्कृत वंदना, ती मी इथं यायच्या आधीपासनं चालू आहे, कुणी ठरवली कुणाला माहीत नाही, पेनड्राइव्हवर आहे, स्पीकर लावायचा आणि पोरांनी मागनं म्हणायचं. "हात जोडा, डोळे मिटा" ही ऑर्डर मीच देते.

जुलैत आमच्या मॉनिटरनं तक्रार आणली, बाई ही हात जोडत नाही. मी तिला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, "बाई मी गप उभारतो की, दंगा कुठं करतो?" बरोबरच होतं तिचं, ती खरंच हात खाली सोडून गप उभी असते, प्रास्ताविका मात्र सगळ्यात मोठ्यानं म्हणते. तर मी काय करावं? तिला मागच्या ओळीत उभं केलं. दिसायला नको, परत कुणी बोलायला नको, म्हणून. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

आता दसऱ्याला नऊ दिवस राहिलेत. पाटीपूजन दरवर्षी असतं. यंदा शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी मोठं करायचं काढलंय, प्रत्येकाकडनं दहा रुपये, नारळ, पेढे, आरती. ते पालकांच्या ग्रुपवर टाकल्याबरोबर त्या मुलीच्या आईचा मेसेज आला की त्या दिवशी आम्ही पाठवत नाही, बास एवढंच, दुसरं काही नाही. त्यावर एका पालकाचं आलं "मग ईदची सुट्टी कशाला पाहिजे?" आणि तिथनं जे सुरू झालं ते रात्री साडेअकरापर्यंत, शेवटी मी ग्रुप फक्त ॲडमिनसाठी करून झोपले.

बंद केलं तर बाईंनी सरस्वती बंद केली म्हणून गल्लीभर होणार. चालू ठेवलं तर ती पोरगी घरी बसणार. कुणी असं काही निभावलं असेल तर सांगा.

तांबडापांढरा

बाई, ह्यात प्रश्न काय आहे तेच कळंना मला. ही शाहूंची नगरी आहे. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतोय, बाबूजमालच्या दर्ग्याच्या चौकटीवर गणपती आहे, मोहरमात पंजे बघायला सगळी पेठ रस्त्यावर असती. आमच्या शाळेत समदी पोरं पाटीवर एकाच्या आकड्याची सरस्वती काढायची, आमचा एक मुस्लिम दोस्त होता तो पण काढायचा, कुणाला काय वाटायचं न्हाई. आता कुठनं निघालं हे? उगा नसलेलं उकरून काढू नका, आहे तसं चालू द्या.

रंकाळाकाठ

+१. आमच्या वेळी पण असलं काही नव्हतं.

बागलचौकातला

तांबडापांढरा भावा, तुझा तो दोस्त मीच समज.

एकाची सरस्वती मी पण काढायचो आणि वर्गात माझीच सगळ्यात बेस यायची. ओल्या फडक्यानं पाटी पुसायची, वाळायला उन्हात धरायची, मग पेन्सिलीला टोक काढून एकाला एक जोडत जायचं, सगळे एक सारख्या उंचीचे आले पाहिजेत, एक जरी तिरका पडला की सगळी पुसून परत. अब्बांनी कधी काही म्हटलं न्हाई, उलट भिंतीला टेकवून ठेवायचे. तेव्हा त्याचा मला त्रास झाला असं मी म्हणणार न्हाई.

त्रास दुसरीकडं झाला. चौथीला इतिहास म्हणजे शिवाजी महाराज. प्रतापगडाचा धडा. गुरुजींनी वाईट एक शब्द बोलला न्हाई हां, गुरुजी फळ्याकडं तोंड करून तारीख लिहीत होते, १० नोव्हेंबर १६५९. पण वाचणारा पोरगा कोथळ्यापाशी आला आणि पुढची तीन डोकी मागं वळली. माझं बाक चौथं. मधल्या सुट्टीत माझं नाव खान पडलं. आमचं आडनाव खान न्हाई. ते नाव दहावीपर्यंत टिकलं, तीच पोरं आज पण रस्त्यात हाक मारतात "ए खान", प्रेमानंच मारतात, लग्नाला येतात, अडीनडीला पळत येतात, मी पण ओ देतो.

तर कुणाला काय वाटायचं न्हाई असं नको म्हणूस. तू विचारलं नव्हतंस आणि मी सांगितलं नव्हतं.

बाई, त्या पोरीला मागच्या ओळीतनं पुढं आणा पहिलं. बाकीचं नंतर बघू.

तांबडापांढरा

खरं हाय भावा. हे डोक्यातच आलं नव्हतं.

करवीरचा_वकील

थोडं कायद्याचं लिहितो, कारण ह्या विषयात जो तो व्हॉट्सॲपवरनं वकील झालेला असतो.

संविधानाचं कलम २८. त्यात शाळांचे प्रकार पाडलेत ते आधी समजून घ्या. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणारी शाळा असेल तर तिथं धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही, संमती असो वा नसो. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळा असेल, म्हणजे संस्थेची वगैरे, तर तिथं देता येतं पण कुणाला सक्तीनं बसवता येत नाही, मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. आणि एखाद्या ट्रस्टनं धर्मशिक्षणासाठीच काढलेली पण सरकार चालवतंय अशी शाळा असेल तर तिला वेगळी सवलत आहे. महापालिका ही कलम १२ प्रमाणं "राज्य"च आहे, त्यामुळं बाई, तुमची शाळा पहिल्या प्रकारात बसते.

आता गंमत अशी की प्रार्थना म्हणजे "धार्मिक शिक्षण" का, ह्याचं सरळ उत्तर नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या सकाळच्या प्रार्थनेवर याचिका झाली, सुप्रीम कोर्टानं २०१९ ला ती मोठ्या घटनापीठाकडं पाठवली. म्हणून "कोर्टानं बंदी घातलीय" म्हणणारे पण चूक आणि "कोर्टानं परवानगी दिलीय" म्हणणारे पण चूक. धर्माबद्दल शिकवणं मात्र वेगळं. १९७१ ला पंजाबातल्या डीएव्ही कॉलेजच्या केसमध्ये गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे असं कोर्ट म्हणालं, २००२ च्या अरुणा रॉय केसमध्ये पण साधारण तीच लाइन. म्हणजे दसरा काय असतो हे सांगायला काहीच अडचण नाही, आरतीला उभं करायला आहे.

आणि त्या हात न जोडणाऱ्या मुलीसाठी १९८६ चा बिजो इमॅन्युएल निकाल लक्षात ठेवा. केरळची तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार पंथाची, राष्ट्रगीताला नीट उभी राहायची पण म्हणायची नाहीत, शाळेनं काढून टाकलं, सुप्रीम कोर्टानं परत घ्यायला लावलं. तुमची पोरगी "गप उभारतो" म्हणते ना, कोर्टाला नेमकं तेच पटलं होतं. आणि इथं तर राष्ट्रगीताचा प्रश्न पण नाही.

चंद्रकोर

म्हणजे शेवटी आमचंच बंद करायचं. पाटीपूजन बंद, मग दिवाळीचा कंदील बंद, मग किल्ले बंद, पंचांग बंद. निधर्मी म्हणजे फक्त हिंदूंनी गप बसायचं असा अर्थ हाय का? ज्यांना नको त्यांनी येऊ नये, विषय संपला.

खडूडस्टर

@चंद्रकोर, कंदील कुणी बंद करत नाही हो, कार्यानुभवात कंदील आम्ही दरवर्षी करतो, ती मुलगी गेल्या वर्षी दोन करून घेऊन गेली, एक मावशीला. कंदील हा कागद, कात्री, डिंक आहे. माझा प्रश्न आरतीचा आहे. आणि "येऊ नये" म्हणजे काय, तर हजेरीला त्या दिवशी गैरहजर मी लावायचं. सरकारी शाळा आहे, त्या दिवशी शाळेत यायचा तिचा हक्क तुमच्या पोराइतकाच आहे, आणि सणासाठी ज्याला घरी बसावं लागतं त्याच्यासाठी तो सण वर्गाचा कसा काय?

चंद्रकोर

बाई तुम्ही नोकरी करता, तुम्हाला बोलायला सोपंय.

संपादक

वैयक्तिक नको. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

निवृत्तगुरुजी

मोबाइलवर टाइप करतोय, वय झालंय, चुका पोटात घाला.

बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली. दोन गोष्टी सांगतो, पहिली माझी स्वतःची चूक. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की मी वर्गात उभा राहून म्हणायचो, "बीसीवाले उभारा." मग "मुस्लिम, जैन हात वर करा." कितीतरी वर्षं. मनात काही वाईट नव्हतं, तालुक्याला संध्याकाळपर्यंत यादी द्यायची असायची, बास. एकदा एक पोरगं उभं राहीना. मला माहीत होतं ते त्या यादीतलं आहे, मी दोनदा नाव घेतलं, ते खाली बघत बसून राहिलं. दुसऱ्या दिवशी वडील आले, म्हणाले, "गुरुजी, आम्हाला पैसे नकोत." खतावणीत, जनरल रजिस्टरमध्ये जात-धर्म सगळं लिहिलेलं असतं, मला पोराच्या तोंडून काढायची गरजच नव्हती, ऑफिसात बसून यादी झाली असती. त्यानंतर मी तसंच केलं, पण तोवर किती पोरं उभी करून झाली होती. बाई, देवाच्या फोटोवर आणि आरतीवर सगळे भांडतात, ह्या असल्या रोजच्या गोष्टींवर कुणी धागा काढत नाही.

दुसरी गोष्ट बागलचौकवाल्यांसाठी. प्रतापगडाचा धडा मी पण शिकवला. वाचताना डोकी वळतात हे मी पण बघितलंय. पुस्तक सोडून मी काही वेगळं केलं नाही, फक्त पुरं सांगायला लागलो. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता आणि महाराजांबरोबर निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. मग पन्हाळ्याची सहल. सज्जाकोठीपाशी पोरांना बसवायचं आणि १६६० चा वेढा सांगायचा. वेढा कुणाचा, सिद्दी जौहरचा. आणि तो फोडायला बाहेरनं नेताजी पालकरांबरोबर कोण आलं, सिद्दी हिलाल, आणि त्या लढाईत त्याचा पोरगा वाहवाह शत्रूच्या हाती सापडला. एक सिद्दी वेढा घालतोय, दुसरा महाराजांसाठी पोरगं घालवतोय. हे कळल्यावर कुणाकडं वळून बघायचं हेच पोरांना कळत नाही, मग ती गडाकडं बघतात.

अवांतर: शाहू महाराजांचं नाव सगळे घेतात. महाराजांनी "सगळे सारखेच" म्हणून एकच वसतिगृह चालवून बघितलं होतं, त्यात ठरावीक पोरांचीच गर्दी व्हायला लागली. मग १९०१ पासनं व्हिक्टोरिया मराठा, जैन, १९०६ ला मुस्लिम, अशी एकेक बोर्डिंगं काढली. १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण केलं. कोण मागं राहतंय ते डोळे उघडे ठेवून बघायचे. सगळे आपलेच म्हणून डोळे मिटायचे नाहीत.

बागलचौकातला

गुरुजी _/\_ मला तुमच्या वर्गात बसवायला पाहिजे होतं.

शिरोळची_वैनी

मी जैन आहे, माझी दोन्ही मुलं झेडपीला. आमच्याकडं देवाबिवावरनं कधी काही झालं नाही, झालं ते अंड्यावरनं. २०२३ ला शासनानं पोषण आहारात आठवड्यातनं एकदा अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. कागदावर एकदम बरोबर. पण वाटताना काय व्हायचं, अंडीवाले एका ओळीत आणि केळीवाले दुसऱ्या ओळीत, आणि केळीच्या ओळीत माझा धाकटा धरून चारजण. पोरं चिडवायची "केळीवाला, केळीवाला". घरी येऊन म्हणाला मला अंडं खायचंय. मला अंड्याचं दुःख नव्हतं हो, पण त्याला ते भुकेनं नाही तर ओळीपायी खायचं होतं. मी मॅडमना एवढंच म्हटलं की ओळ एकच करा आणि ताटात ज्याचं त्याला घाला. त्यांनी केली, दुसऱ्या आठवड्यात चिडवणं बंद. नंतर २०२५ मध्ये शासनानं अंड्याचे पैसेच बंद केले, आणि माझ्याच गावातले काही म्हणाले बरं झालं, पण मला नाही बरं वाटलं, शेजारच्या बाईच्या पोरांना आठवड्यातनं तेवढंच एक मिळायचं.

गप्पागोष्टी

वैनी, एक नंबर.

जर्सीतला_कोल्हापुरी

राजारामपुरीतला, सध्या न्यू जर्सी, मुलगी इथं पब्लिक स्कूलमध्ये पाचवीत. इथं सगळं आदर्श आहे असं सांगायला आलो नाही, पण थोडी माहिती. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात शाळेत रोज म्हणायला एक प्रार्थना सरकारी मंडळानं तयार केली होती, सगळी मिळून बावीस शब्दांची, कुठल्याच पंथाचं नाव नाही, ज्याला नको त्यानं म्हणू नये अशी मुभा पण. तरी १९६२ ला इथल्या सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. त्यांचं म्हणणं साधारण असं की प्रार्थना लिहून देणं हे सरकारचं कामच नव्हे. पोरानं स्वतःहून डबा उघडताना पुटपुटलं तर त्याला कोण अडवत नाही, मास्तरनं म्हणायला लावायचं नाही. वकीलसाहेबांनी सांगितलेल्या केरळच्या पोरांसारखीच केस इथं १९४३ ला झाली, तोच पंथ, झेंड्याला सलामी न देणारी पोरं, आणि निकाल पोरांच्या बाजूनं. पण झेंड्यापुढं म्हणायच्या त्याच प्रतिज्ञेत १९५४ ला देवाचं नाव घातलंय ते अजून आहे, आणि २०२४ ला लुइझियानात वर्गावर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावायचा कायदा करून परत कोर्टकचेरी सुरू. म्हणजे भांडण मिटलंय असं कुठंच नाही.

एक मात्र इथलं आवडत नाही. काही शिक्षक घाबरून काहीच बोलत नाहीत. मुलीनं दिवाळीबद्दल सांगू का विचारलं तर टीचर म्हणाल्या, नको, मग सगळ्यांचं घ्यावं लागेल. घ्या की मग सगळ्यांचं!

आजऱ्याचा_मास्तर

आम्ही घेतो सगळ्यांचं. शनिवारी शेवटच्या तासाला ज्याच्या घरात त्या आठवड्यात काही झालं असेल त्यानं सांगायचं, सणच पाहिजे असं नाही, म्हैस व्याली तरी चालतं. एक चूक सुरुवातीला झाली ती सांगतो. वर्गात मुस्लिम पोरगं एकच, मी प्रत्येक वेळी त्यालाच विचारायचो, रोजा म्हणजे काय, कुर्बानी का करतात, मला वाटायचं मी फार उदार. नऊ वर्षांच्या पोराला काय माहीत असणार, ते घरनं चिठ्ठी लिहून आणायला लागलं. आजी म्हणाली, गुरुजी, ह्याला रात्री झोप लागंना, उद्या काय विचारतील म्हणून. तेव्हापासनं मी विचारत नाही, सांगायचं असलं तर हात वर येतो.

खडूडस्टर

मंडळी, दसरा झाला, आता निवांत लिहिते.

पहिलं म्हणजे तिला उंचीप्रमाणं पुढं तिसऱ्या नंबरवर आणलं. ऑर्डर बदलली, आता "सरळ उभे राहा, शांत राहा" एवढंच म्हणते, हात ज्याचे त्याचे. पहिल्या दिवशी चार-पाच पोरांनी हात जोडले नाहीत, त्यात दोन तर पक्की माळकऱ्यांची, नुसतं बघायला की बाई काय म्हणतात. बाई काही म्हणाल्या नाहीत. आठवड्यात त्यांचे हात परत जोडले गेले.

प्रार्थनेचं मुख्याध्यापकांना विचारलं, म्हटलं साने गुरुजींची लावू या, तर ते म्हणाले वरनं लेखी काही आलंय का, मग कशाला हात घालता. त्यामुळं पेनड्राइव्ह अजून तोच आहे. दिवाळीनंतर परत विचारणार.

पाटीपूजन. अध्यक्षांशी दोनदा बोलले, दुसऱ्यांदा त्यांच्या दुकानात जाऊन बसले. असं ठरलं की वर्गणी नाही, नारळ आणि आरती शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर, ज्या पालकांना पाहिजे त्यांनी यायचं. वर्गात फक्त पाट्या धुवायच्या, पुसायच्या आणि एकाच्या आकड्यानं चित्र काढायचं, कुठलं ते नाही सांगितलं. तिच्या आईला मी घरी जाऊन हे सांगितलं, चहा झाला, पाठवते म्हणाल्या नाहीत पण पाठवलं.

ती आली आणि तिनं एकाचा मोर काढला. पिसारा म्हणजे नुसते एकच एक, पाटी भरून. शेजारणीनं बघून मोर काढला, मग त्या ओळीनं, आणि तासाच्या शेवटाला अर्धा वर्ग मोरावर. अध्यक्ष बघायला आले, म्हणाले सरस्वती कुठाय रे? तर आमचा मॉनिटर, तक्रार आणणारा तोच, म्हणाला, "मोर पुढं आलाय, ती येतीय मागनं." अध्यक्ष हसले, सुटलो.

सगळं गोड झालं नाही. ईदचं म्हणणारे पालक ग्रुप सोडून गेले, त्यांच्या मुलाला त्या दिवशी पाठवलंच नाही. म्हणजे एक पोरगी आली आणि एक पोरगा घरी बसला. त्यांच्याकडं पण जायचंय, अजून जमलं नाही.

चंद्रकोर

जाऊन या बाई. दारातनं कोण हाकलत न्हाई.

खडूडस्टर

जाते. आता नवीन प्रकरण, त्यावर सुचवा. फळ्यावर आम्ही रोज तारीख आणि तिथी लिहितो. परवा एका पोरानं घरातलं कॅलेंडर आणून सांगितलं, बाई आमची पण तारीख असती, ही लिहा. लिहिली. लगेच दुसरा म्हणाला आमची पण काहीतरी असणार, आजोबांना विचारून सांगतो.

करवीरचा_वकील

भारतीय सौर दिनांक लिहा की. २२ मार्च १९५७ पासनं सरकारचं स्वतःचं कॅलेंडर आहे, कुणी बोलू शकत नाही.

खडूडस्टर

ती पण लिहायला लागले वकीलसाहेब, चार झाल्या. आता गणिताला जागा उरंना. कुणाच्या ओळखीत जुना फळा पडून असेल तर सांगा, रिक्षाचं भाडं मी देते.